पाल म्हणजे दूध

मराठीत पाल म्हटलं की आपण दोन पावलं मागे सरकतो. गोंडीत पाल म्हणजे दूध. मराठीत काल म्हणजे होऊन गेलेला दिवस, गोंडीत काल म्हणजे पाय. नार म्हणजे आपल्याकडे, जुन्या लावणीतली का होईना, पण बाई. गोंडीत नार म्हणजे गाव. आता सहा वर्षांचं एक लेकरू डोळ्यांसमोर आणा. घरात आजी, आई, चुलती, सगळ्या गोंडीच बोलणाऱ्या. जूनमध्ये ते पहिल्यांदा शाळेत येऊन बसतं आणि बाई मायेनं विचारतात, 'काल काय केलंस रे?' लेकरू आपल्या पायाकडे बघतं. पायाला तर काहीच झालेलं नाही! मग ते गप्प बसतं. दुसऱ्या दिवशीही गप्प. दिवाळीपर्यंत त्याच्या नावापुढे शेरा पडलेला असतो, 'मूल बोलत नाही.'

मी प्राथमिक शिक्षिका आहे. किनवट तालुक्यात, इस्लापूरच्या आसपासच्या गुड्या-तांड्यांवर माझी नोकरी चालली आहे. असं गप्प बसलेलं एक तरी लेकरू दरवर्षी माझ्यासमोर येतं. आणि सुट्टी झाली की तेच लेकरू चिंचेखाली आपल्या भावंडांशी असं काही भडाभडा बोलत असतं की विचारू नका!

मैत्रिणींनो, इस्लापूर तुमच्यातल्या बऱ्याच जणींना माहीत असेल ते सहस्रकुंडच्या धबधब्यामुळे. पावसाळ्यात पैनगंगा फुगली की गाड्या भरभरून लोक येतात, फोटो काढतात, भजी खातात आणि जातात. माझ्याकडे पाहुणे आले की मी त्यांना सांगते, धबधबा झाला ना बघून? आता जरा बाजारात चक्कर मारा. बाजाराच्या दिवशी इथे तासाभरात पाच-सहा भाषा कानावर पडतात. भाजीच्या पालाखाली तेलुगूत घासाघीस चाललेली असते, कापडाच्या दुकानात दखनी, तांड्यावरच्या बाया गोरमाटीत बोलत पुढे जातात, आणि मराठी तर आहेच, तीही आमची खास नांदेडकडची, 'काय करूलालाव' वाली. या गलक्यात एका कडेला मोहफुलं, चारोळी घेऊन बसलेल्या बाया आपसात हळू आवाजात बोलत असतात. ती गोंडी. जरा पलीकडे कोलामी. गिऱ्हाईक समोर आलं की दोघीही चटकन मराठीवर येतात. बाकी सगळे मोठ्यानं बोलतात आणि याच दोघी हळू आवाजात का, हा प्रश्न मला इथं आल्या वर्षापासून पडलेला आहे.

गोंडी ही मराठीच्या नात्यातली भाषाच नाही. ती द्राविड कुळातली, म्हणजे तेलुगू, कन्नड, तमिळ यांची बहीण. उंदी, रंड, मुंड, नालुंग म्हणजे एक, दोन, तीन, चार. तेलुगू येणारीला रंड, मुंड लगेच कळतं. पाण्याला एर, घराला रोन, फुलाला पुंगार. कोलामीही त्याच कुळातली, पण तिचा ओढा तेलुगूकडे जास्त. त्यामुळे गोंड आणि कोलाम शेजारी राहत असले तरी गोंडीणबाई आणि कोलामीणबाई एकमेकींशी बोलताना कुणा एकीला आपली भाषा सोडावी लागते. ती बहुतेक वेळा कोलामीणबाईच सोडते. कोलाम हे महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक (दुसऱ्या दोन कातकरी आणि माडिया गोंड). २०११ च्या जनगणनेत कोलामी बोलणारे साऱ्या देशात मिळून १ लाख २८ हजार होते. म्हणजे एखाद्या बऱ्या शहराएवढेही नाहीत.

गंमत म्हणजे (गंमत तरी कशी म्हणावी?) या मुलुखात गोंडीतून शाळा होऊन गेलेली आहे! आणि तीही स्वातंत्र्याच्या आधी. ते सांगायचं तर जरा मागे जावं लागतं. तेव्हा आपलं इस्लापूर नांदेड जिल्ह्यात नव्हतं. निजामाच्या राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, बोथ तालुक्यात इस्लापूर सर्कल होतं. किनवटही आदिलाबादेतच. १९४० मध्ये याच जिल्ह्यात जोडेघाटला कुमराम भीम जंगल-जमिनीच्या हक्कासाठी लढता लढता मारला गेला. गोंडांचा एवढा राग कशाचा, हे निजाम सरकारला समजून घ्यायचं होतं. आणि माणूस आयताच हाताशी होता. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ नावाचे ऑस्ट्रियाचे मानववंशशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर भारतात अडकले होते. पासपोर्ट जर्मन, म्हणून इंग्रज सरकारने त्यांना शत्रूदेशाचा माणूस ठरवलं आणि हैदराबाद संस्थानाच्या बाहेर पडायला बंदी केली. मग ते आणि त्यांच्या पत्नी बेट्टी आदिलाबादच्या डोंगरात, मारलवाई नावाच्या गोंड खेड्यात जाऊन राहिले.

त्यांनी एक साधी गोष्ट ओळखली. बाहेरून मास्तर आणला तर तो गुड्यावर टिकत नाही, आणि टिकला तरी लेकरांना त्याचं बोलणं कळत नाही. म्हणून १९४३ मध्ये मारलवाईला गोंड तरुणांनाच शिक्षक करण्याचं केंद्र सुरू झालं. पहिलीची पुस्तकं गोंडी भाषेत छापली, आणि लिपी कोणती घेतली? देवनागरी! तेव्हा या भागात मराठी चालायची, म्हणून. आधी आपल्या भाषेत वाचायला शिकायचं, मग दुसऱ्या भाषेकडे जायचं, असा तो क्रम होता. आज नव्या शैक्षणिक धोरणाच्या कार्यशाळेत आम्हाला हेच समजावून सांगतात, चहा-बिस्किटासकट. बेट्टीबाईंची समाधी मारलवाईलाच आहे. गुसाडी नाच शिकवणारे कनक राजू याच मारलवाईचे. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२४ च्या ऑक्टोबरात ते गेले.

आणि आपला मराठवाडा यात मागे होता असं समजू नका. सेतुमाधवराव पगडी हे नाव तुम्ही शिवचरित्राच्या संदर्भात, उर्दू शायरीच्या संदर्भात ऐकलं असेल. मूळचे निलंग्याचे, १९१० चा जन्म. हैदराबाद संस्थानच्या नोकरीत असताना ते आदिलाबादच्या आदिवासी भागात होते, आणि नुसत्या फायली न चाळता त्यांनी गोंडी आणि कोलामी शिकून घेतली. शिकून घेतली म्हणजे किती, तर दोन्ही भाषांची व्याकरणं लिहून काढली! एवढ्या मोठ्या साहेबाने जमिनीवर बसून कोलामीणबाईला 'याला तुमच्यात काय म्हणतात' असं विचारलं असेल, हे चित्रच मला फार आवडतं. आज आमच्या भागात नोकरीला येणाऱ्या किती जणांना (मास्तर, नर्सबाई, तलाठी, वनरक्षक) गोंडीतला नमस्कार तरी येतो? 'जय सेवा' म्हणायचं, एवढंच तर आहे.

मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. भाषावार प्रांतरचना झाली. इस्लापूर सर्कल, किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादमधून काढून मुंबई राज्यात टाकले, उरलेला जिल्हा आंध्रात गेला. मराठी बोलणारे मराठीत, तेलुगू बोलणारे तेलुगूत. गोंडी बोलणाऱ्यांचं काय? त्यांच्या अंगणातून रेघ गेली. अलीकडच्या लेकरांना शाळेत मराठी, पलीकडच्यांना तेलुगू. गोंडी दोन्हीकडे नाही. भाषेच्या नावावर राज्यं केली आणि ज्यांची भाषा एक होती त्यांनाच वेगळं केलं, असं मी म्हटलं तर फार होईल का? त्याच १९५६ साली घटनेत ३५० क हे कलम घातलं गेलं. अल्पसंख्य भाषांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्याने करावी, असं ते सांगतं. कलम आहे तिथंच आहे.

रेघेचा हिशेब बायकांनाच जास्त द्यावा लागतो, कारण रेघ ओलांडून जातात त्या बायका. गोंडांच्या सोयरिकी अजून दोन्हीकडे होतात. आमच्या शाळेत खिचडी शिजवायला येते ती उटनूरकडची. तेलुगू शाळेत सातवी झालेली, अक्षर मोत्यासारखं. इथं लग्न होऊन आली आणि एका दिवसात अडाणी झाली! पालकसभेची नोटीस मराठीत, बचत गटाचं रजिस्टर मराठीत, रेशनचा फळा मराठीत. सही करायची वेळ आली की ती तेलुगूत करते, आणि कुणीतरी हमखास म्हणतं, 'हे काय जिलब्या काढल्यात?' तिनं ते हसण्यावारी नेलं आहे. मला हसू येत नाही.

तिला दोन मुली. थोरलीशी ती गोंडी बोलते, धाकटीशी मराठी. पहिल्यांदा माझ्या ते लक्षातच आलं नाही. एकदा तांदूळ निवडता निवडता मी विचारलं. ती म्हणाली, "बाई, थोरलीला आमची भाषा दिली, ती तिसरीपर्यंत तोंड उघडली नाही. पोरं हसायची. धाकटीला मी जन्मल्यापासून मराठीच बोलते. माझी कशी बी असू द्या. हसणार तर नाहीत."

यावर काय बोलणार? आईच्या काळजीपुढे भाषाशास्त्र लंगडं पडतं. पण मी त्या दिवसापासून जरा कान देऊन ऐकू लागले, ही माऊली धाकटीशी मराठीत काय काय बोलते ते. ये. बस. खा. नको. लवकर. झोप. शाळेला चल. पडशील. एवढंच! तिच्याजवळ मराठीच तेवढी आहे. थोरलीला ती चांगली झापते, चिडवते, लाडानं काहीबाही नावं ठेवते, पाऊस का पडतो याची गोष्ट सांगते. धाकटीला फक्त हुकूम मिळतात. आणि सासूला, म्हणजे पोरीच्या आजीला, मराठी येत नाही म्हटलं तरी चालेल. आजी आणि नात एका चुलीपुढे बसतात आणि दोघींना मिळून बोलायला भाषा नाही.

कुणी म्हणेल, बाई, मराठी शिकली की झालं ना काम? तेच तर होत नाही. धाकटी पहिलीत आली तेव्हा तिला ना गोंडी धड, ना मराठी. आईकडून मोजके शब्द घेऊन आलेलं लेकरू आणि आईकडून अख्खी भाषा घेऊन आलेलं लेकरू यात फार फरक असतो, मग ती भाषा कुठली का असेना. थोरली तिसरीपर्यंत गप्प होती, पण बोलायला लागली ती घडाघडा, कारण सांगण्यासारखं तिच्या पोटात खूप होतं. हे तिच्या आईला मी अनेकदा सांगितलं आहे. ती मान हलवते. पटलंय का, माहीत नाही.

आता जरा व्याकरणात शिरू. घाबरू नका, मजा आहे. मराठीत तो, ती, ते असे तीन कप्पे. आला, आली, आलं. गोंडीत एकवचनात दोनच. 'वातोर' म्हणजे तो आला, पुरुषमाणूस. 'वाता' म्हणजे ती आली. पण गाय आली तरी वाता, बस आली तरी वाता, पाऊस आला तरी वाता. थोडक्यात काय, पुरुष एका बाजूला आणि बाया, गुरं, झाडं, भांडी, बस दुसऱ्या बाजूला! (मी हे आमच्या घरी सांगितलं तर 'बरोबरच आहे' असं उत्तर मिळालं. कुणाकडून ते सांगत नाही.) तर अशा भाषेतून आलेल्या लेकराला दगड तो, वीट ती आणि घर ते का, हे कळायचं कसं? ते 'भिंत पडला' लिहितं. आपण लाल रेघ ओढतो. त्याला भाषा येत नाही असं नाही, त्याला आपले तीन कप्पे अजून सापडले नाहीत.

आकड्यांचं तर त्याहून मोठं आहे. गोंडांमध्ये सगा असतात. नालवेन, सिवेन, सारवेन, येरवेन. चार, पाच, सहा आणि सात भावांचे वंश. आपल्या भागात त्यालाच चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे म्हणतात. प्रत्येक आडनाव यातल्या एका सगात बसतं आणि एका सगात सोयरीक होत नाही, ते भाऊबंद. म्हणजे नालुंग, सयुंग, सारुंग, येडुंग हे नुसते पाढ्यातले आकडे नव्हेत. आपला आकडा कोणता हे कळलं की पोरीला आख्ख्या गावाशी आपलं नातं काय ते कळतं, कुणाला भाऊ म्हणायचं आणि कुणाशी थट्टा करायची ते कळतं. या वंशांच्या कथा परधान लोक किकरी वाजवत रात्र रात्र सांगतात. किकरी ऐकायला पोरं बसतात, पण अर्थ कळला नाही तर किती वेळ बसतील?

पौष अमावस्येला पलीकडे केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. मेश्राम कुळाचा देव. गोदावरीचं पाणी पायी चालत आणतात. त्या जत्रेत कुळातल्या नव्या सुनांची देवाशी ओळख करून देतात, 'भेटिंग' म्हणतात त्याला. पांढऱ्या साड्या नेसून सुना ओळीनं बसतात. सून घरात आली, आता ती देवालाही माहीत पाहिजे! मला हा विधी फार गोड वाटतो. आपण सुनेचं नाव बदलतो, हे लोक तिची ओळख करून देतात.

हे सगळं वाचून एखादीला वाटेल, असतील दोन-चार भाषा मरत, काळच तसा आहे. काळाचं कारण मला पटत नाही, कारण एका ठिकाणी बायाबापड्यांनी आणि मास्तरांनी मिळून काळाला मागे फिरवलेलं आहे. हवाई बेटं. अमेरिकेच्या पश्चिमेला, पॅसिफिक महासागरात. तिथं १८९३ मध्ये राणीला गादीवरून उतरवलं आणि १८९६ मध्ये कायदा झाला की शाळा इंग्रजीतूनच चालणार. हवाईयन बोललं तर शाळेत शिक्षा. मग आयांनी काय केलं असेल? आमच्या खिचडीवाल्या माऊलीनं केलं तेच. लेकरांशी इंग्रजी बोलायला सुरुवात केली. तीन पिढ्यांत अशी अवस्था आली की १९८० च्या सुमारास, नीहाऊ नावाचं एक लहानसं बेट सोडलं तर, हवाईयन बोलणारी अठरा वर्षांखालची मुलं पन्नासही नव्हती. एका वर्गातही मावली असती.

१९८३ मध्ये काही शिक्षक एकत्र आले. न्यूझीलंडच्या माओरी लोकांनी आदल्याच वर्षी भाषेची बालवाडी काढली होती, त्यांच्याकडून कल्पना घेतली आणि १९८४ मध्ये काउआई बेटावर पहिली बालवाडी सुरू केली. तिचं नाव पुनाना लेओ, म्हणजे आवाजाचं घरटं. बालवाडीत फक्त हवाईयन. म्हाताऱ्या माणसांना तिथं आणून बसवलं, कारण चांगली भाषा त्यांच्याच तोंडी उरली होती. आणि आईबापांनी नुसतं मूल आणून सोडायचं नाही, त्यांनीही शाळेसाठी काम करायचं, स्वतःही भाषा शिकायची अशी अट. कायदा अजून विरोधातच होता, तो १९८६ मध्ये बदलून घेतला आणि १९८७ पासून सरकारी शाळांतही हवाईयनमधून वर्ग सुरू झाले. २०१६ च्या तिथल्या सरकारी अहवालात घरी हवाईयन बोलणारे साडेअठरा हजारांच्या आसपास निघाले. आकडा लहानच आहे. पण मला सांगा, पन्नास लेकरांवरून परत येता येतं, तर आपल्याकडे गोंडी बोलणारे २०११ च्या मोजणीत २९ लाख ८४ हजार होते!

अर्थात दुसरी बाजूही बघा. त्याच मोजणीत गोंड जमातीचे लोक एक कोटीच्या वर आहेत. म्हणजे चौघांतल्या तिघांच्या घरून गोंडी गेली. घटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत, गोंडी त्यात नाही. २००३ मध्ये संथाली आणि बोडो गेल्या. बोडो बोलणारे गोंडीच्या निम्मेच, पण त्यांचं एका राज्यात बळ आहे. गोंडी सहा-सात राज्यांत विखुरलेली, प्रत्येक ठिकाणी पाहुणी. लिपीचंही तसंच. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये एक लिपी केली. पलीकडे आदिलाबादेत गुंजाला गावात वेगळ्याच लिपीतल्या जुन्या गोंडी पोथ्या निघाल्या. २०१७ आणि २०१८ मध्ये या दोन्ही लिपी संगणकाच्या जागतिक अक्षरमालेत घेतल्या गेल्या. चांगलंच आहे. पण माझं मत विचाराल तर आमच्या गुड्यावर लिपीवरून भांडायची वेळ नाही. देवनागरी लेकरांना येते आहे, तिच्यातच आधी लिहा. मारलवाईत तेच केलं होतं.

आपल्याच राज्यात एक गाव मात्र पुढे गेलं. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातलं मोहगाव. तिथल्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतःची शाळा काढली, पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल. गोंडीतून शिक्षण, जोडीला मराठी, हिंदी, इंग्रजी. २०२२ मध्ये शाळा विनापरवाना आहे म्हणून नोटीस आली आणि ग्रामसभा थेट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली. त्या ३५० क कलमाची आठवण कुणी तरी करून दिली, हे बरं झालं.

मोहगाव आमच्यापासून लांब. आमच्याकडे ग्रामसभेत हा विषय काढला तर आधी आयाच उठतील. उठल्याच होत्या! दोन वर्षांपूर्वी मी शाळेत शनिवारी एक तास गोंडीत गोष्टी ठेवल्या, गुड्यावरच्या आज्यांना बोलावून. चार-पाच आया तावातावानं आल्या. "बाई, गोंडी आमच्या घरची हाय, ती शिकवायला शाळा कशाला? इंग्रजी शिकवा." म्हणणं खोटं नाही. त्यांना माहीत आहे की तहसीलमध्ये गोंडीतून दाखला निघत नाही आणि नर्सिंगच्या परीक्षेत गोंडीतून प्रश्न येत नाही. माझं उत्तर एवढंच होतं की शनिवारचा तास बघा तरी. त्या दाराशी बसल्या. आत एक आजी कोल्ह्याची गोष्ट सांगत होती आणि एरवी मुकी बसणारी पहिली-दुसरीची लेकरं तिला मधे मधे अडवून विचारत होती, 'मग?' 'मग काय झालं?' गोष्ट संपल्यावर मी फळ्यावर कोल्हा काढला आणि तीच गोष्ट मराठीत सांगा म्हटलं. अडखळत, तीन कप्प्यांची ऐशीतैशी करत, पण सांगितली. कारण गोष्ट त्यांना माहीत होती, फक्त शब्द शोधायचे होते. आया काही बोलल्या नाहीत. पुढच्या शनिवारी त्यातली एकच परत आली, पण आली ती आपल्या सासूला घेऊन.

अडचणी पुष्कळ आहेत. वर्गात गोंडांची पोरं आहेत तशी तांड्यावरचीही आहेत, त्यांची गोरमाटी. कोलामगुड्यावरची तीन आहेत. मग त्यांची आजी कधी, असा प्रश्न आलाच. कोलाम आजीला आणायला मला सहा महिने लागले. ती म्हणायची, आमची भाषा कोण ऐकणार? आली तेव्हा पदर तोंडावर घेऊन बसली आणि पाच मिनिटांत उठून गेली. दुसऱ्या खेपेला पंधरा मिनिटं बसली. तिच्या गोष्टीत काय होतं ते आम्हाला कुणालाच पुरतं कळलं नाही, त्या तीन पोरांना सोडून. त्या दिवशी वर्गाला समजावून सांगायचं काम त्यांच्याकडे होतं. ती तिघं नंतर आठवडाभर ताठ मानेनं फिरत होती.

मी स्वतः शिकते आहे ती खिचडीच्या चुलीपाशी. एक दोनशेपानी वही केली आहे. डाव्या बाजूला मी देवनागरीत गोंडी शब्द लिहिते, मधे मराठी अर्थ, आणि उजवीकडे ती तेलुगू अक्षरांत तोच शब्द लिहिते. तेलुगू रकाना तिनंच मागून घेतला. म्हणाली, "माझ्या भाच्या तिकडं तेलुगू वाचतात, त्यांना बी कळंल." तिच्या भाच्या आणि तिच्या पोरी एकमेकींना मोबाइलवर काही लिहू शकत नाहीत, एकीची अक्षरं दुसरीला येत नाहीत, म्हणून आवाज रेकॉर्ड करून पाठवतात, गोंडीत. थोरलीच पाठवते. धाकटी शेजारी बसून ऐकते. परवा तिनं मावसबहिणीला एकच शब्द पाठवला, 'वाता'. तिकडून उलट विचारणा, काय आलं? गाय आली, बस आली, कोण आलं? धाकटीनं आईकडे बघितलं आणि आईनं, माझ्या देखत, तिला गोंडीत सांगायला सुरुवात केली. पाऊस आला होता. पत्र्यावर एवढा वाजत होता की पुढचं मला नीट ऐकू आलं नाही.

वहीत आतापर्यंत चारशेच्या वर शब्द झाले आहेत. घरातले, शेतातले, आजारपणातले बरेच आले. गोंदणाचे आणि बाळंतपणाचे राहिलेत, ते सासूबाईंना विचारावे लागतील असं ती म्हणते. सासूबाई रविवारी मोकळ्या असतात.